किती जेवायचे, हे ठरवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘माइंडफुल ईटिंग’ म्हणजे सजगपणे जेवणे या विषयावर आलेला लेख मी दोनदा वाचला. जेवताना मोबाइल बाजूला ठेवावा, घास बत्तीस वेळा चावावा, ताट लहान घ्यावे आणि भूक असेल तेवढेच खावे, हा त्यातला सल्ला वावगा नाही. तरीही लेखाने माझे समाधान झाले नाही, कारण त्यातला जेवणारा माणूस अगदी एकटा आहे. तो आपले पान आपणच वाढून घेतो, आपल्या वेळेला बसतो, पोट भरले की उठतो आणि या सगळ्यात त्याला कोणी काही म्हणत नाही. असा माणूस आपल्याकडे मला फारसा भेटलेला नाही. आपल्याकडे किती जेवायचे हे वाढणारी ठरवते, यजमान ठरवतो, शाळेची घंटा ठरवते, अलीकडे आहाराचा छापील तक्ताही ठरवतो. ज्याचे पोट आहे त्याला शेवटी विचारले जाते आणि तो ‘पुरे’ म्हणाला तर ते कोणी खरे मानत नाही. या एकाच गोष्टीविषयी मला लिहायचे आहे. मी ३१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि गेली ११ वर्षे मला टाइप-२ मधुमेह आहे. त्यामुळे दुसऱ्यांच्या ताटावर नजर ठेवण्याचा आणि माझ्या ताटावर दुसऱ्यांनी नजर ठेवण्याचा, असा दोन्हीकडचा अनुभव माझ्या गाठीशी आहे.

इंग्रजी नावामुळे ही कल्पना बाहेरून आल्यासारखी वाटते. आमची आई, घास हातात धरून आम्ही दाराबाहेर बघत बसलो की, ‘जेवणात लक्ष नाही तुझे’ एवढेच म्हणायची. आपल्या भाषेला खाण्याचे प्रकार फार नेमके ठाऊक आहेत. जेवणे वेगळे, खाणे वेगळे आणि दिवसभर चरणे वेगळे. भूक लागते, पण खा-खा सुटते. वखवख तर भरल्या पोटीही असते. ‘तोंड खवळले आहे’ असे म्हणणाऱ्याने आपली भूक नेमकी कुठे आहे, तेही सांगून टाकलेले असते. मानसशास्त्राची पुस्तके शरीराची भूक आणि मनाची भूक असा जो भेद समजावून सांगतात, तो स्वयंपाकघरातल्या बोलण्यात आधीपासून आहे. फक्त आपण ते शब्द दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी वापरतो; स्वतःला विचारण्यासाठी ते वापरायला मला वयाची पन्नाशी उलटावी लागली.

आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात पहिल्याच अध्यायात जेवणाचे नियम दिले आहेत. अन्न गरम असावे, मापात असावे, आधीचे पचल्यावरच पुढचे खावे, न बोलता, न हसता आणि जेवणात मन घालून जेवावे, असे ते नियम आहेत. फार घाईने जेवू नये, हा नियम त्यात आहेच. पण मला त्याच्या शेजारचा नियम अधिक आवडतो. फार रेंगाळतही जेवू नये, कारण रेंगाळणाऱ्याला तृप्ती मिळत नाही, तो जास्त खातो आणि अन्न गार होऊन जाते, असे चरक सांगतात. बत्तीस वेळा चावण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थांनी घासाचे अगदी पाणी होईपर्यंत चावण्याची चळवळच काढली होती आणि तिला अनुयायीही पुष्कळ मिळाले होते. मी स्वतः महिनाभर मोजून चावून पाहिले. लक्ष आकड्याकडे राहिले आणि भाजीत मीठ नव्हते, हे घरातल्या दुसऱ्या माणसाने सांगितले.

आज ज्याला सजगतेचे प्रशिक्षण म्हणतात, त्याची आधुनिक वैद्यकातली सुरुवात १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी केली. त्यांच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच हातावर एक मनुका ठेवतात. ती आधी बघायची, बोटांत फिरवायची, हुंगायची, ओठाशी न्यायची, जिभेवर ठेवून थांबायची आणि मग चावायची. पुढे जीन क्रिस्टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच पद्धतीवरून, ज्यांना खाण्याचे झटके येतात आणि मग थांबताच येत नाही, अशा रुग्णांसाठी वेगळा कार्यक्रम तयार केला. आजवरच्या अभ्यासांतून अशा झटक्यांवर आणि मन खट्टू झाले म्हणून खाण्यावर या पद्धतीचा उपयोग दिसतो. वजन उतरण्याबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. जाहिराती नेमके उलटे सांगतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले. या सगळ्याचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे आणि ती शिकायला आपल्याला अमेरिकेला जावे लागत नाही. सत्यनारायण गोयंका यांनी सुरू केलेले विपश्यना केंद्र इगतपुरीला १९७६ पासून आहे.

तिथे मी का गेले, ते सांगायला थोडा संकोच वाटतो. निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षी रात्री साडेअकराच्या सुमारास, घरातले सगळे झोपले की, मी स्वयंपाकघरात जाऊ लागले. दिवा लावायचा नाही, फ्रिजच्या उजेडातच काम भागायचे. ओट्याशी उभी राहून, डब्यातली गार पोळी हातातच गुंडाळायची, साखरांब्याच्या बरणीत बुडवायची आणि दुसरी कधी घेतली ते कळायच्या आत संपवायची. झाकण लावताना आवाज होऊ नये म्हणून मी ते अंगठ्याने दाबत असे. दिवसा मात्र मी तक्त्याप्रमाणे वागत होते. सकाळी मोजून दोन फुलके, दुपारी वाटीभर वरण, साखर नाही, भात नाही. तपासणीतला आकडा वाढला की डॉक्टर विचारायचे, ‘पथ्य पाळता ना?’ आणि मी ‘हो’ म्हणायचे. ते खोटे नव्हते, कारण रात्रीचे ते खाणे मी खाण्यात धरतच नव्हते. बसून खाल्लेले तेवढे जेवण, उभ्याने खाल्लेले हिशेबाबाहेर, असा तो कारभार होता.

गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधी ठरवून घेऊन मी दहा दिवसांच्या शिबिराला गेले. पहाटे चारला घंटा, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण आणि संध्याकाळी पाचला चहा, फळ, थोडे कुरमुरे. त्यानंतर काही नाही. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन. पहिल्या दिवशी रात्री उपाशी राहावे लागणार या धास्तीने मी ताटात डोंगर केला आणि दुपारभर डोळे मिटून बसले असता पोटाचेच ध्यान केले. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले की, दुसरी पोळी अर्धी झाली की घासाची चव उतरते. पहिल्या घासाला दुधी भोपळ्याची भाजी गोड लागते, दहाव्या घासाला ती नुसती भाजी असते. ही गोष्ट पन्नास वर्षे रोज घडत असणार, पण तिथे पहिल्यांदाच ती मला ऐकू आली, कारण ‘घ्या हो, अजून अर्धी घ्या’ म्हणणारे तिथे कोणी नव्हते. ध्यानात माझी फारशी प्रगती झाली नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. गुडघ्यांनी साथ दिली नाही.

पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला वेळ लागतो, हे आता पुष्कळांना माहीत असते. जठर ताणले गेल्याचा संदेश मज्जातंतूंमार्फत लगेच जातो, पण अन्न आतड्यात उतरल्यावर तिथून जी संप्रेरके निघतात आणि ‘आता बास’ असे सांगतात, त्यांना साधारण वीस मिनिटे द्यावी लागतात. दहा मिनिटांत जेवून उठणाऱ्याचे उत्तर येण्याआधीच ताट संपलेले असते. याहून कमी माहीत असलेली गोष्ट आठवणीची आहे. ब्रिटनमधील लिव्हरपूल विद्यापीठाचे एरिक रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. दूरचित्रवाणी बघत किंवा दुसऱ्या कशात गुंतून जेवणारा त्या वेळी जास्त खातो हे त्यात दिसलेच. पण नंतरच्या खाण्यातली वाढ त्याहूनही मोठी होती. म्हणजे दुपारचे जेवण लक्षात राहिले नाही, तर त्याची भरपाई संध्याकाळच्या फरसाणाने होते.

आठवण आणि भूक यांचे नाते किती घट्ट असते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले. नवीन काहीच लक्षात राहत नाही अशा दोन रुग्णांपुढे त्यांनी जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांत पुन्हा जेवणाचे ताट ठेवले. दोघेही पुन्हा जेवले आणि तिसरे ताट ठेवल्यावर बहुतेक वेळा तेही खायला लागले. हे वाचताना मला परदेशातले रुग्ण दिसले नाहीत, माझ्या सासूबाई दिसल्या. शेवटची चार वर्षे त्यांना विस्मरणाचा आजार होता. आमटी-भात कालवून, भरवून, तोंड पुसून मी ताट मोरीत ठेवून येईपर्यंत त्या शेजारणीला हाक मारून सांगायच्या, ‘सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही हो, सून जेवायला घालत नाही.’ मला तेव्हा राग यायचा. आता कळते की त्या खोटे बोलत नव्हत्या. न आठवणारे जेवण त्यांच्या लेखी झालेलेच नव्हते. रात्री ओट्याशी उभी राहणारी मी तरी याहून वेगळी कुठे होते?

आता आग्रहाविषयी. साताऱ्यात कोणाकडेही गेले की बशीत कंदी पेढा येतो. नको म्हटले तर ‘घरचाच आहे’, मधुमेह आहे म्हटले तर ‘एवढ्याने काय होतंय’, पुन्हा नको म्हटले तर ‘आमच्याकडचं गोड लागत नाही का’, अशी एकेक पायरी चढत यजमानीणबाई माझ्या भुकेवरून स्वतःच्या मानावर येतात आणि तिथे नकाराला जागाच उरत नाही. मी स्वतः हेच आयुष्यभर केले आहे. नव्या जावयाच्या पानात तो हात आडवा धरत असताना बोटांच्या फटीतून जिलेबी सोडण्यात मी पटाईत होते आणि त्याचे कौतुकही होत असे. हात आडवा धरणे म्हणजे ‘नको’ नव्हे, ‘अजून म्हणा’, असा त्याचा अर्थ लावायला आम्हाला लहानपणापासून शिकवले गेले. मग कोणाचा हात खरोखरच आडवा आहे, हे ओळखायचे कसे?

हा आग्रह दुष्टपणातून आला नाही, हे मी जाणते. १९७२ च्या दुष्काळात मी चौथीत होते. आमच्या माणदेशातल्या आजोळी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बायका तिथे मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, पदरात बांधून आणायच्या, आणि अमेरिकेहून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीला चव नसली तरी तिचा तुकडा कोणी टाकत नसे. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या हातून पाहुण्याच्या पानात चार घास जास्तच पडणार आणि पानातले अन्न वाया गेलेले त्यांना बघवणार नाही. पण त्या वेळी अन्न टाकू नये हा नियम जिवाचा होता. आज बहुतेक मध्यमवर्गीय घरांत तोच नियम, पोट भरल्यावरही उरलेले चार घास ढकलायला लावतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीने देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला आहे. यात आनुवंशिकतेपासून बैठ्या कामापर्यंत अनेक कारणे आहेत आणि सगळा दोष जिलेबीवाल्या हाताला देणे अन्यायाचे होईल. तरी पानात पडलेले जास्तीचे अन्न पोटात गेले म्हणजे ते वाचले, ही समजूत आता सोडायला हवी. गरज संपल्यावर ते कुठेही गेले तरी वायाच गेलेले असते.

याची सर्वांत मोठी शिक्षा आपण मुलांना देतो आणि त्यात माझा वाटा आहे. आमच्या शाळेत मधली सुट्टी तीस मिनिटांची असे. त्यात रांग लावणे, हात धुणे, ताट-वाटी काढणे, वाटप होणे आणि पुन्हा ताट धुऊन ठेवणे हे सगळे बसवायचे, त्यामुळे प्रत्यक्ष खाण्याला दहा-बारा मिनिटेच उरत. शालेय पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. हे आकडे मी वर्षानुवर्षे नोंदवले. मूल ताटासमोर किती वेळ बसले, हा रकाना मला कोणत्याही नोंदवहीत भरावा लागला नाही. ज्या मुलांचे दिवसातले ते पहिले पोटभर जेवण असे, त्यांच्यासमोर सजगतेच्या गप्पा मारणे मला कधी सुचले नसते आणि आजही सुचत नाही. त्यांना पुरेसे आणि गरम मिळणे हाच पहिला प्रश्न आहे. पण त्यांनाही ते निवांत बसून खाता यायला हवे होते. मी वर्गात काठी आपटत ‘चला, लवकर संपवा, ताटात काही दिसता कामा नये’ एवढेच म्हणत असे.

दुसरीच्या वर्गात एक बारीक चणीची मुलगी होती. तिला खिचडीतला वाटाणा आवडत नसे. ताट स्वच्छ दाखवल्याशिवाय मी उठू देत नाही म्हणून ती वाटाणे गालात साठवून नळापर्यंत जायची आणि तिथे थुंकायची. नळाच्या चौकोनात पाणी तुंबले, तेव्हा शिपाईमामांनी गाळ काढला आणि ओंजळभर फुगलेले हिरवे वाटाणे माझ्यासमोर ठेवले. मी तिला सगळ्या वर्गासमोर उभे केले आणि अन्नाचा अपमान करू नये यावर बोलले. ते आठवले की आजही माझे मलाच कसेसे होते.

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मुलांच्या जेवणाची जबाबदारी दोघांत वाटून दिली आहे आणि ती मला फार पटते. काय, कधी आणि कुठे जेवायचे, हे मोठ्यांनी ठरवायचे. त्यातले किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने. अमेरिकी संशोधक लीअन बर्च यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांतही असेच आढळले होते: पोटाकडे लक्ष द्यायला शिकवलेली मुले आधी काही पोटभरीचे खाल्ले असेल तर जेवण आपोआप कमी करीत, ताट किती उरले आहे याकडे लक्ष द्यायला आणि संपवले की बक्षीस मिळवायला शिकवलेल्या मुलांमधून हा समतोल हरवत असे. माझ्या वर्गातली शिस्त या दुसऱ्या प्रकारातली होती. आता घराघरांत मोबाइलवर गाणे लावून, तोंड उघडले की घास आत सारणाऱ्या तरुण आया दिसतात. त्यांना बोल लावणे सोपे आहे, पण मूल कमी जेवले तर ‘बाळ सुकलंय, आई लक्ष देत नाही’ असे त्यांना ऐकवणाऱ्या आम्हीच असतो, हे विसरून चालणार नाही.

जुन्या पंगतीचे गुणगान करणारी पत्रे आपल्याकडे बरीच येत असतील. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आधी वरण-भात-तूप आणि शेवटी ताकभात, हा क्रम सुरेख होता आणि श्लोक म्हणण्यापुरता तरी माणूस पानासमोर थांबत असे, हे खरेच आहे. पण ते निवांत, गरम, लक्षपूर्वक जेवण पुरुषांच्या पंगतीला मिळायचे. बायकांची पंगत शेवटी, गार अन्नावर आणि भांड्यांच्या ढिगाकडे बघत. पुढे पंगती गेल्या तरी सवय राहिली. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळची दोन पळ्या आमटी, कालची वाटीभर भाजी, हे सगळे ‘वाया जाईल’ म्हणून घरातल्या बाईच्या पोटात जाते आणि ती म्हणते, ‘माझे जेवण असे किती असते!’ मी माझ्या आईला पूर्ण ताट वाढून घेऊन बसलेली फक्त माहेरी आलेल्या मावशीबरोबर पाहिली आहे. अशा बाईला ‘सजगपणे जेवा’ असे सांगायचे असेल, तर आधी तिच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी वाढायला हवे.

तक्त्यांविषयी थोडक्यात. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवायचे की ऋजुता दिवेकर म्हणतात त्याप्रमाणे थोड्या थोड्या वेळाने खायचे, यावरून घरात तट पडले होते. मी दोन्ही करून पाहिले आणि दोन्हींमुळे फायदा झालेली माणसे माझ्या ओळखीत आहेत. माझी अडचण एवढीच झाली की दोन्ही वेळा मी घड्याळाला विचारत होते. लहान ताटाचा सल्लाही जपून घ्यावा. त्याचा आणि अशा अनेक युक्त्यांचा जगभर प्रचार करणारे कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॅनसिंक यांच्या कामात विद्यापीठाला गैरप्रकार आढळले, २०१८ साली त्यांचे सहा शोधनिबंध एकाच दिवशी मागे घेतले गेले आणि त्यांना पद सोडावे लागले. मी मोठ्याच ताटात जेवते. पहिल्यांदा कमी वाढून घेते आणि हवे असेल तर पुन्हा घेते.

मधुमेहींसाठी एक सूचना करते, कारण हे पत्र वाचून कोणी भलतेच करू नये. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ‘आज भूक नाही’ म्हणून जेवण टाळू नये. आहारातला कोणताही बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. हात थरथरून, घाम फुटून जी भूक लागते, ती साखर उतरल्याची खूण असते आणि तेव्हा मनाशी संवाद करत बसायचे नसते. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची असते. तसेच ज्यांचे खाणे वारंवार हाताबाहेर जाते, किंवा जे खाल्लेले उलटून काढतात, त्यांना उपदेशाची नाही, उपचाराची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात खाण्याच्या अनिवार झटक्यांची स्वतंत्र आजार म्हणून नोंद आहे. मी माझ्या डॉक्टरांना रात्रीच्या साखरांब्याची गोष्ट सांगितली, त्याच दिवशी त्यांनी माझा तक्ता बदलला आणि रात्रीच्या जेवणात मला मूठभर भात दिला. ओट्याशी उभे राहणे त्या भाताने बरेचसे थांबले. पूर्ण थांबले, असे म्हणणार नाही.

शाळांना माझी एक विनंती आहे. मधली सुट्टी वाढवणे शक्य नसेल, तर निदान सर्वांना वाढून झाल्यावरची पहिली पंधरा मिनिटे नुसती जेवणाची ठेवावीत. त्यात सूचना, वह्या तपासणे, काठी आपटणे काही नको. आणि मुलाला पहिल्या वेळी निम्मेच वाढून, दुसऱ्यांदा हवे का असे विचारावे. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट बघण्याची गरज नाही.

मे महिन्यात माझा सहा वर्षांचा नातू पुण्याहून आला होता. एकदा जेवताना त्याने अर्धी पोळी पानात ठेवून ‘आजी, पोट भरलं’ म्हटले. माझ्या ओठांवर ‘एवढीशी तर राहिली, संपव’ आलेच होते. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिले, मी पोळीकडे पाहिले आणि वाटीखाली झाकून ठेवली. संध्याकाळी त्याला ती नको होती, मीही खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन शिळ्या पोळ्यांबरोबर ती फोडणीला पडली आणि लिंबू पिळून आम्ही तिघांनी खाल्ली. त्याने दोनदा मागून घेतली.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा